कार्ड ठरेपर्यंत

मंगळवारी चौथ्या तासाला मी नववीच्या वर्गात चाचणीचे पेपर वाटत होतो. खिशातला फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. तासाला फोन घ्यायचा नाही हा नियम शाळेत मीच आणलेला, त्यामुळे खिशावर हात दाबून तसाच उभा राहिलो. घंटा झाल्यावर व्हरांड्यात येऊन बघितलं तर निलोफरचे, म्हणजे माझा शाळासोबती युनूस याच्या मुलीचे, पाच फोन आणि खाली एक ओळ... 'काका, अब्बू गेले.' मी ती ओळ तीनदा वाचली. इंग्रजीचा मास्तर आहे, ओळ कितीही अवघड असली तरी वाचून तिचा अर्थ सांगणं हा माझा धंदा. त्या ओळीत अवघड काहीच नव्हतं. बोट कुठेतरी लागलं आणि सकाळी चहा पिताना उघडलेलं पान पडद्यावर आलं. ते ग्राफिक्स कार्डाच्या किमतीचं पान होतं.

तेलगावच्या शाळेतून माजलगावला युनूसच्या घरी जाताना कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर पुढे होते, मागे दोन-दोन ट्रॉल्या. एकालाही ओलांडायची माझी हिंमत झाली नाही. मी पोचलो तेव्हा त्याला आंघोळ घालून झाली होती आणि सगळे निलोफरची वाट बघत बसले होते. ती संभाजीनगरला फार्मसी शिकते. तो निरोप तिने मला बसमधून पाठवला होता, हे मला तिथे कळलं. ती संध्याकाळी आली, वडिलांचं तोंड बघितलं आणि लगेच जनाजा निघाला. मी थोडा वेळ खांदा दिला. गेलं वर्षभर दहा पावलं चालला की दम लागून खाली बसणारा माणूस आम्ही इतक्या भराभर घेऊन चाललो होतो की मलाच धाप लागली.

युनूस आणि मी पहिलीपासून एका वर्गात. सातवीत त्याने शाळेतला बिघडलेला भोंगा मधल्या सुट्टीत उघडला. भोंगा दुरुस्त झाला, युनूसला मात्र मुख्याध्यापकांनी न विचारता उघडला म्हणून छड्या मारल्या. पुढे मी कॉलेजला गेलो आणि तो मामाच्या दुकानात मोटरी भरायला बसला. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसायची, मोजून तेवढेच वेढे नवीन तांब्याचे घालायचे, वर वार्निश द्यायचं आणि वाळवायची. आमच्याकडे धरणाचं पाणी, त्यामुळे विहिरी, बोअर आणि पाणबुडी मोटरी गावोगाव. मोटर जळली की पीक वाळतं, म्हणून लोक युनूसला अक्षरशः शेतातून उचलून शेतात न्यायचे. चौसाळ्यापर्यंत त्याची गिऱ्हाइकं होती. पाठीला पान्यांची पिशवी लावून तो मोटारसायकलवर तीन तालुके हिंडायचा आणि संध्याकाळी मला म्हणायचा, "मास्तर, तू एका खोलीत बसून पगार घेतो बे. तुला रस्ता म्हंजी काय ते ठाऊक न्हाई."

त्याच्या कामाची एक रीत होती. गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकासमोर उघडायची. जळालेलं तांबं काट्यावर ठेवून दाखवायचं, नवीन घालायचं तेही काट्यावर ठेवून दाखवायचं. झाकण लावलेल्या कुठल्याच वस्तूवर त्याचा विश्वास नव्हता. घरातला मिक्सर, इस्त्री, मुलीचं खेळण्यातलं अस्वल, सगळं वापरायच्या आधी एकदा उघडलं गेलेलं. "आत काय हाय ते बघितल्याबिगर ती वस्तू आपली कशी?" असं तो विचारायचा. कागद मात्र त्याला उघडता यायचे नाहीत. इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. विम्याचा, बँकेचा, औषधाच्या डबीतला घडी घातलेला चिठोरा, सगळं मी वाचून सांगायचो. आमची वाटणीच ठरून गेली होती. वाचायचं मी, उघडायचं त्याने.

मग खोकला आला. तीस वर्षं वार्निशचा वास आणि धूळ छातीत घेतलेली. आधी आम्ही दोघांनीही त्याला सर्दी म्हणून घेतलं, मग हवा बदलली म्हणून घेतलं. शेवटी संभाजीनगरला छातीचा फोटो, श्वासाच्या तपासण्या झाल्या आणि चार पानी रिपोर्ट घेऊन तो नेहमीसारखा माझ्यासमोर बसला. "वाच."

मी वाचला. दोन्ही फुप्फुसं कडक होत चालली होती, झालेलं नुकसान भरून येणारं नव्हतं आणि ते वाढत जाणार होतं. हे सगळं शेवटच्या पानावर अगदी स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं. डॉक्टरांनी त्याला हिंदीत काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, तो तर "औषध चालू ठिवा म्हणले" एवढंच घेऊन आला होता. मी पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. म्हणालो, "धूळ बंद, वार्निश बंद. आराम करायचा. गोळ्या सोडायच्या न्हाईत." त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मला इतकंच वाचता आलं.

"बास?" त्याने विचारलं.

"बास."

त्याच तपासणीच्या दिवशी एक गोष्ट घडली होती आणि रिपोर्टपेक्षा त्याला तीच मला सांगायची होती. नंबर यायला वेळ होता म्हणून तो समोरच्या कम्प्युटरच्या मोठ्या दुकानात नुसता गार हवेला जाऊन बसला. तिथे एका पडद्यासमोर खुर्ची, स्टिअरिंग आणि पायाशी पॅडल. दुकानदाराने कौतुकाने त्याला बसवलं. पडद्यावर ट्रक होता, बर्फाचा घाट होता. युनूस तो ट्रक घेऊन घाट चढला, उतरला, एका पुलावरून गेला, चुकून एका गोदामात घुसला. मला हे सांगताना त्याचे डोळे सातवीतल्यासारखे झाले होते. "किती लांब गेलतो बे मी... आन् दम लागला न्हाई. एकदाबी न्हाई!"

त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. तीन तालुके हिंडलेला माणूस घराच्या कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत जाऊ शकत नव्हता. त्याला पुन्हा रस्त्यावर जायचं होतं, आणि जायचा एकच रस्ता उरला होता. तयार कम्प्युटर घे, आणून देतील, लावून देतील, असं मी म्हणालो. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला परक्याने भरलेली मोटर घ्यायला सांगतोय. "बंद डबा मी घरात आनू? एक-एक पार्ट आपुन निवडायचा, आपुन जोडायचा. तू वाच, मी बघतो."

असा आमचा उद्योग सुरू झाला. पन्नाशीला टेकलेली दोन माणसं, ज्यांना गेम या शब्दाचा अर्थ कॅरम एवढाच ठाऊक, ती रोज संध्याकाळी पार्ट निवडायला बसायची. मी एक फुलस्केप वही केली. इंग्रजी परीक्षणं वाचायचो, उभे-आडवे रकाने पाडायचो आणि त्याला त्याच्या भाषेत सांगायचो. प्रोसेसर बोर्डाच्या खोबणीत बसला पाहिजे, न्हाई तर फुकट. तो म्हणायचा, शाफ्ट आन् बेअरिंग, पुढं बोल. रॅम जोडीनं घ्यावी असं सांगितलं तर म्हणायचा, बैलं, पुढं बोल. सगळ्यात आधी पॉवर सप्लाय घ्यायचा हे मात्र त्याने मला विचारलंही नाही. "आपल्याकडं लाइट कशी येती ते त्या इंग्रजांना काय ठाऊक? आधी करंटचं बघ, मग शहाणपनाचं."

पॉवर सप्लाय आला. त्याने तो आधी हातात तोलला, मग तांबं तोलायच्या काट्यावर ठेवला. वजन मनासारखं भरलं. एवढ्यावर थांबला असता तर तो युनूस कसला... मी चहा घेऊन आत येईपर्यंत चार स्क्रू टेबलावर होते आणि झाकण बाजूला. झाकणाच्या कडेला चिकटवलेली छोटी पांढरी पट्टी मधोमध फाटली होती. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं मी वाचलं आणि कपाळावर हात मारला. पट्टी फाटली की वॉरंटी संपली.

"तू वाचून सांगायचं न्हाई का आधी?" तो माझ्यावरच उखडला.

"तू उघडशील हे मला काय माहीत?"

"मंग आजवर मी काय केलं रे?"

आठच दिवसांत पॉवर सप्लायचा पंखा घरघरायला लागला. मी कंपनीला फोन लावला, त्यांनी पट्टीचा फोटो मागितला आणि विषय संपला. युनूसला त्याचं काडीचं दुःख नव्हतं. त्याने शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, पंखा पुन्हा बसवला आणि आता कसा गुपचूप फिरतो ते मला कान लावून ऐकायला लावलं. पुढे कॅबिनेट आलं, काचेच्या दाराचं, आत तीन पंखे, त्यांना निळे दिवे. स्टिअरिंग आलं. ते त्याने जिथे तीस वर्षं तार गुंडाळायचं यंत्र होतं त्याच टेबलाला, त्याच भोकांत बोल्ट घालून पक्कं केलं. आता राहिले प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड. म्हणजे सगळंच राहिलं होतं.

आणि इथे माझा स्वभाव आडवा आला. माझी बायको म्हणते, तुम्हाला मंडईत पाठवलं तर भेंडी निवडून होईपर्यंत मंडई उठते. चपलेचा जोड घ्यायला मी तीन आठवडे लावलेले आहेत. कार्ड ठरल्याशिवाय प्रोसेसर ठरत नव्हता, प्रोसेसर ठरल्याशिवाय बोर्ड ठरत नव्हतं, बोर्ड ठरल्याशिवाय रॅम. सगळं त्या एका कार्डापाशी येऊन थांबायचं. आणि कार्डाचं असं की नवीन येणार, येणार, म्हणून सगळीकडे बोललं जात होतं. नवीन आलं की जुन्याची किंमत उतरेल. मी त्याला म्हणालो, "थांब जरा. घाई करू नको."

हे लिहिताना मला स्वभावामागे लपता येईल. लोकांना पटेलही. पण मी सबंध रिपोर्ट वाचलेला होता. त्या रात्री घरी गेल्यावर फोनवर त्या आजाराचं नाव टाकून जे काही सापडलं तेही वाचलं होतं आणि फोन उशीखाली उलटा ठेवला होता. थांबायला त्याच्याकडे वेळ नाही, हे युनूसच्या घरात फक्त मला माहीत होतं. घे, उद्याच घे, मिळेल ते घे, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणालो असतो तर त्याने मान वर करून विचारलं असतं, "घाई कावून बे?" त्या प्रश्नाला मी घाबरत होतो. आठ महिने घाबरत होतो. म्हणून दर वेळी थांब म्हणालो. थांब म्हटलं की माझ्याही छातीवरचं ओझं उतरायचं... जणू मीच त्याला आणखी महिना दिला.

मधल्या काळात ऑक्सिजनचं यंत्र घरात आलं. नाकात नळी, पलंगाशी घुं घुं आवाज. ते यंत्र मात्र त्याने उघडलं नाही. "ह्याला उघडायला मला आधी बंद व्हावं लागंल," असं म्हणून तो हसला, मग हसण्याचा खोकला झाला आणि भाभी धावत आल्या. रुखसाना भाभी, त्याची बायको. माझ्यासमोर त्या कधी रडल्या नाहीत, फक्त उचलून नेताना त्यांच्या हातातल्या कपबशा वाजायच्या.

एकदा मी वाचलं की बोर्ड नसतानाही पॉवर सप्लाय चालू करता येतो. त्याच्या मोठ्या प्लगात, खटक्याच्या बाजूची चौथी आणि पाचवी भोकं तारेने जोडायची. मी सहज सांगितलं. युनूसने त्याच बसल्या बैठकीत तांब्याच्या तारेचा बोटाएवढा आकडा वाकवला, वर पिवळी नळी चढवली, टोकं घासली आणि बसवला. तिन्ही पंखे फिरले. निळे दिवे लागले. आत काही नव्हतं, बोर्ड नाही, कार्ड नाही, नुसती रिकामी पेटी, पण ती चालू होती. त्या दिवसापासून रोज सकाळी चहा झाला की तो आकडा लावायचा, खुर्ची टेबलाशी ओढून स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसायचा. समोर पडदासुद्धा नव्हता. भिंत होती, भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर. अर्ध्या तासाने आकडा काढून खिळ्याला अडकवायचा. मी एकदा विचारलं, काय करतोस रे? म्हणाला, "गाडी गरम करून ठिवतो."

शेवटची भेट रविवारी झाली. मी सीताफळं घेऊन गेलो होतो. त्याने एक हातात घेतलं, दाबून बघितलं, परत ठेवलं. बोलायला त्याला आता मध्ये मध्ये थांबावं लागायचं.

"मास्तर... नवं कार्ड आलं का बे?"

"आलं."

"मग जुनं उतरलं?"

जुनं उतरलं नव्हतं. आठ दिवसांपूर्वीच ते सगळीकडून संपलं होतं आणि नवीन आमच्या वहीच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "उतरंल. थांब अजून म्हैनाभर."

"म्हैनाभर ना?" त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "पक्कं?"

"पक्कं."

"मग ठीक हाय," तो म्हणाला आणि उशीला टेकला. त्याचा चेहरा खरोखर मोकळा झाला. मला वाटलं कार्डाचं मनावर घेतलंय. त्यानंतर तो नऊ दिवस होता.

परवा चाळिसावं झालं. जेवणं उरकल्यावर बाहेर पुरुषमंडळी बसली होती आणि भाभींनी मला आत बोलावलं. खोली तशीच होती. ऑक्सिजनचं यंत्र परत गेलं होतं, त्या जागी फरशीवर चौकोनी स्वच्छ डाग. काचेच्या कॅबिनेटवर त्यांनी विणलेला रुमाल टाकला होता. तो काढून घडी घालत त्या म्हणाल्या, "सर, तुमचे लई उपकार हायेत. तुमच्यामुळं ते भ्याले न्हाईत."

मला कळेना. त्या सांगत गेल्या. "मला म्हणायचे, डॉक्टर काय बी म्हणू दे, रिपोर्ट मास्तरनं वाचलाय. त्याला तोंडावर बोलवत न्हाई, म्हणून मी त्याला कार्डाचं इचारतो. तो थांब म्हणला की समजायचं, टाइम हाय." घडी घातलेला रुमाल त्यांनी पुन्हा उलगडला, पुन्हा घातला. "शेवटच्या हप्त्यात मी म्हणलं, निलोला बोलवून घेऊ. तर म्हणले, कशाला? तिची परीक्षा हाय. मास्तरनं म्हैनाभर सांगितलंय... पक्कं म्हणलाय."

त्या हे तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. आभार मानत होत्या. तक्रार केली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. भाभींनी खिळ्यावरचा पिवळा आकडा काढला आणि माझ्या हातात दिला. "लावा की सर. चाळीस दिस झाले, कुणी लावला न्हाई. आमाला जमत न्हाई."

मी खाली बसलो. चौथं आणि पाचवं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं. तिन्ही पंखे फिरायला लागले, निळा उजेड फरशीवर आला, टेबलावरचं स्टिअरिंग त्यात अर्धं दिसायला लागलं. भाभी पदराने तोंड पुसत बाहेर गेल्या. आवाज ऐकून निलोफर दारात येऊन उभी राहिली. वडिलांसारखीच, एक हात चौकटीला लावून. ती फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या हातात युनूसच्या रिपोर्टांची फाइल होती, आणि मला ती लांबूनही ओळखू आली.

"काका," ती म्हणाली, "अब्बूंचा पहिला रिपोर्ट तुम्हीच वाचला होता ना?"

"हो," मी म्हणालो.

ती तशीच फाइल धरून उभी राहिली. पंख्यांचा आवाज दोघांच्या मध्ये भरून राहिला होता. युनूसचा रोजचा अर्धा तास होऊन गेला, आकडा काढायची वेळ झाली होती. तो काढला की खोली शांत होणार होती आणि मग मला तिला काहीतरी सांगावं लागलं असतं. मी तिथेच खाली बसून राहिलो. आकडा काढला नाही.